मेमसेट लिहिले, पण चालले का?

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभरातले संगणक ओलीस धरायला सुरुवात केली. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत पडद्यांवर लाल चौकटी झळकल्या, फायली कुलूपबंद झाल्या आणि बिटकॉइनमध्ये तीनशे डॉलरची खंडणी मागितली गेली. आठवडा उलटायच्या आत क्वार्क्सलॅब या फ्रेंच कंपनीतल्या एड्रियां गिने या संशोधकाने एक छोटासा प्रोग्राम खुला केला. विंडोज एक्सपीचे मशीन बंद करून पुन्हा चालू केले नसेल, तर हा प्रोग्राम मेमरी चाळून किल्ली परत मिळवू शकत होता. वॉनाक्रायने विंडोजच्याच क्रिप्टो सेवेकडून आरएसए किल्ल्यांची जोडी बनवून घेतली होती. काम झाल्यावर खासगी किल्ली नष्ट करण्याची विनंतीही त्याने रीतसर केली होती. एक्सपीने ती मेमरी मोकळी केली, पण आतल्या मूळ संख्या पुसल्याच नाहीत. पुढे बेंजामिन देल्पी यांनी हीच युक्ती विंडोज ७ पर्यंत नेली.

त्या दिवशी न पुसलेली मेमरी पीडितांच्या कामी आली. एरवी ती चोराच्या कामी येते. पासवर्ड, ओटीपी, सही करण्याची किल्ली, बँकेच्या सर्व्हरशी बोलण्याचे टोकन अशा गोष्टी वापरून झाल्यावर मेमरीत पडून राहिल्या, तर पुढे कधी एखादी फट पडताच बाहेर झिरपतात. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीडमध्ये एका विनंतीसरशी सर्व्हरच्या मेमरीतले ६४ किलोबाइटपर्यंतचे तुकडे बाहेर येत होते. म्हणून सुरक्षेशी संबंधित कोड लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी नियम सांगितला जातो: गुपित वापरा आणि लगेच शून्यांनी पुसून टाका. सी भाषेत त्यासाठी मेमसेट हे फंक्शन आहे. बफरचा पत्ता, भरायचे मूल्य शून्य आणि लांबी दिली, की एका ओळीत काम झाले असे वाटते.

नेमकी तीच ओळ तयार प्रोग्राममधून गायब होऊ शकते.

समजा, एका फंक्शनने ६४ बाइटच्या स्थानिक अ‍ॅरेमध्ये पासवर्ड वाचला, त्याचा हॅश काढला, अ‍ॅरेवर मेमसेट चालवले आणि उत्तर परत दिले. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून हा कोड कंपाइल केला, तर असेंब्लीत मेमसेटची हाक स्पष्ट दिसते. जीसीसी किंवा क्लँगला ‘ओ-२’ची पातळी दिली की ती हाक नाहीशी होते. सहसा इशारा येत नाही, एरर येत नाही. सगळ्या चाचण्या हिरव्या राहतात, कारण चाचण्या उत्तर तपासतात आणि उत्तर बरोबरच असते. कोड तपासणारा सहकारीही समाधानाने मान डोलावतो, कारण त्याच्यासमोरच्या सोर्समध्ये ती ओळ आहे. हीपवरच्या बफरचेही हेच होऊ शकते. ‘फ्री’च्या आधी केलेले मेमसेट कंपायलरच्या दृष्टीने तितकेच निरर्थक असते, कारण मोकळ्या केलेल्या मेमरीत काय होते हे विचारण्याचा अधिकार प्रोग्रामला राहत नाही.

कंपायलरला यात दोष देण्याची सवय आहे, पण ती फारशी न्याय्य नाही. सी भाषेच्या मानकाने कंपायलरवर एकच मुख्य बंधन घातले आहे: प्रोग्रामचे बाहेरून दिसणारे वर्तन बदलता कामा नये. फाइलमध्ये काय लिहिले गेले, पडद्यावर काय आले, ‘व्होलाटाइल’ म्हणून जाहीर केलेल्या जागांना कोणत्या क्रमाने हात लावला, हे ते वर्तन. एखाद्या स्थानिक बफरमध्ये फंक्शन संपताना कोणते बाइट पडून आहेत, हे त्यात येत नाही. उद्या पाडायच्या घराची आज झाडलोट कशाला, असा कंपायलरचा सरळ हिशेब असतो. पुढे जिचे वाचन होणारच नाही ती नोंद काढून टाकण्याच्या या पायरीला ‘डेड स्टोअर एलिमिनेशन’ म्हणतात. कोणते मूल्य पुढे वापरले जाणार आणि कोणते नाही, याचा माग काढण्याला ‘लाइव्हनेस’ विश्लेषण म्हणतात. त्याची गणिती बैठक मुळापासून समजून घ्यायची असेल, तर आयआयटी मुंबईचे प्रा. उदय खेडकर, प्रा. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचे ‘डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस’ हे २००९ चे पुस्तक हाताशी असावे. हे विश्लेषण नसते, तर आजचा बराच कोड विनाकारण संथ चालला असता. अडचण एवढीच, की ‘कोणी वाचणार नाही’ या गृहीतकात हल्लेखोर मोजलेला नसतो.

हा वाद जुना आहे. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या मायकेल हॉवर्ड यांनी याच विषयावर लिहून प्रोग्रामरना सावध केले. त्याच नोव्हेंबरमध्ये जीसीसीच्या दोषनोंदवहीत ८५३७ क्रमांकाची तक्रार आली: ऑप्टिमायझर सुरक्षेसाठी आवश्यक कोड काढून टाकतो. जीसीसीच्या मंडळींनी हा दोष मानलाच नाही. मानक जे सांगते तेच आम्ही करतो, अशी त्यांची भूमिका होती. नियमाच्या पुस्तकात ती बरोबर होती आणि आजही आहे. सॉफ्टवेअरमधल्या कमकुवतपणांच्या सीडब्ल्यूई यादीत या प्रकाराला १४ वा क्रमांक मिळाला आहे. हा क्रमांक गांभीर्य दाखवत नाही, तो फक्त नोंदीचा आहे. तरीही दहा वर्षांनंतरदेखील भल्याभल्यांच्या कोडमध्ये हा प्रकार सापडतच होता.

लिनक्स कर्नलचे उदाहरण घ्या. यादृच्छिक संख्या पुरवणाऱ्या ड्रायव्हरमध्येच, म्हणजे जिथे गुपिते जन्माला येतात तिथेच, एक तात्पुरता बफर पुसणारे मेमसेट कंपायलर उडवत असल्याचे २०१४ मध्ये लक्षात आले. त्यावर ‘मेमझिरो एक्सप्लिसिट’ नावाचे नवे फंक्शन कर्नलमध्ये आले. ते आधी मेमसेट करी आणि मग कंपायलरपुढे एक अडसर ठेवी. हा अडसर म्हणजे असेंब्लीची रिकामी ओळ, जी सांगते की इथे मेमरीत काहीही बदललेले असू शकते. प्रकरण तिथे मिटायला हवे होते. पण २०१५ च्या एप्रिलमध्ये त्या फंक्शनला पुन्हा हात लावावा लागला. जीसीसी साध्या अडसराला मान देत होता, पण एलएलव्हीएम घराण्याच्या कंपायलरला तेवढे पुरत नव्हते. बफरचा पत्ता त्या रिकाम्या ओळीला प्रत्यक्ष हातात दिल्याशिवाय ‘हा बफर कोणी तरी बघणार आहे’ असे त्याला पटत नव्हते. कर्नल लिहिणाऱ्यांनाही ही युक्ती पहिल्या फटक्यात जमली नाही. इतरांनी घरच्या घरी अडसर बनवण्याआधी हे लक्षात घेतलेले बरे.

मग वापरायचे काय? आपल्या प्लॅटफॉर्मने खास याच कामासाठी दिलेले फंक्शन. विंडोजवर ‘सिक्युअर झिरो मेमरी’ आहे. ओपनबीएसडीने २०१४ च्या ५.५ आवृत्तीत ‘एक्सप्लिसिट बीझिरो’ आणले. फ्रीबीएसडीने ते ११ व्या आवृत्तीत घेतले, लिनक्सवरच्या सी लायब्ररींपैकी ग्लिबसीने फेब्रुवारी २०१७ च्या २.२५ मध्ये आणि मसलने १.१.२० मध्ये. त्यामुळे आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांवर ते हजर असते. नेटबीएसडीवर ‘एक्सप्लिसिट मेमसेट’ आहे. मॅकओएसवर ‘मेमसेट-एस’ मिळते. मात्र ते मानकाच्या ऐच्छिक परिशिष्टातले असल्याने हेडर जोडण्याआधी त्यासाठीचा मॅक्रो १ असा जाहीर करावा लागतो. तो विसरला, तर फंक्शन सापडत नाही म्हणून कंपायलर अडतो, आणि घाईतला प्रोग्रामर साधे मेमसेट लिहून मोकळा होतो. सी-११ मानकाने २०११ मध्ये हे परिशिष्ट जोडले, पण ग्लिबसीने ते कधी स्वीकारलेच नाही. म्हणून ‘मानकात आहे, म्हणजे सगळीकडे असणार’ या भरवशावर मेमसेट-एस लिहू नये. सी-२३ मानकाने ‘मेमसेट एक्सप्लिसिट’ हे फंक्शन परिशिष्टात न टाकता मुख्य लायब्ररीत घेतले. खरे उत्तर तेच, पण आपल्या लायब्ररीच्या आवृत्तीत ते उतरले आहे का, हे बिल्डच्या वेळी तपासावे.

प्रकल्पात लिबसोडियम आधीच असेल, तर ‘सोडियम मेमझिरो’ वापरावे. ओपनएसएसएल असेल, तर ‘ओपनएसएसएल क्लेन्स’. फक्त पुसण्यासाठी नवी लायब्ररी ओढून आणण्याची गरज नाही. चांगली पद्धत अशी, की प्रकल्पात गुपित पुसण्याचे एकच फंक्शन असावे आणि त्याचे नाव असे असावे की वाचणाऱ्याला हेतू कळेल. त्याच्या पोटात कोणत्या प्लॅटफॉर्मवर काय चालते, हे बिल्डची व्यवस्था ठरवेल. कोणताही पर्याय सापडला नाही, तर बिल्ड तिथेच थांबले पाहिजे. गुपचूप साध्या मेमसेटवर उतरणारे वेष्टन हा या विषयातला सर्वांत चिवट घोटाळा आहे, कारण बाहेरून नाव सुरक्षित दिसते आणि आत काहीच नसते.

घरगुती युक्त्यांबद्दलही बोलायला हवे, कारण जुन्या कोडमध्ये त्या हमखास भेटतात. पहिली युक्ती व्होलाटाइल पॉइंटरमधून एकेक बाइट शून्य करण्याची. प्रत्यक्षात जीसीसी आणि क्लँग दोघेही ती पाळतात. पण मूळ बफर व्होलाटाइल नसताना नुसत्या पॉइंटरवर ते विशेषण लावले, तर मानक कितपत हमी देते, यावर जाणकारांनी बराच काथ्याकूट केला आहे. शिवाय बाइटगणिक लिहिणे संथ असते. दुसरी युक्ती मेमसेटचा पत्ता व्होलाटाइल फंक्शन-पॉइंटरमध्ये ठेवून त्यातून हाक मारण्याची. ओपनएसएसएलच्या सी भाषेतल्या आवृत्तीत हीच आहे आणि ती टिकून आहे. तरी कंपायलरला वाटले तर तो पॉइंटर वाचून ‘हे मेमसेटच आहे का’ असे विचारू शकतो आणि तसे असेल तर हाक गाळू शकतो. मानक त्याला त्यापासून अडवत नाही. तिसरी युक्ती सर्वांत जास्त दगा देते: पुसण्याचे फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे, म्हणजे कंपायलरला आतले दिसणार नाही. लिंक करतानाच्या ऑप्टिमायझेशनने (एलटीओ) ही भिंत केव्हाच पाडली आहे. बिल्डमध्ये कोणी एलटीओचा पर्याय लावला, की दहा वर्षे नीट चाललेले पुसणे एका रात्रीत बंद होऊ शकते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ च्या युजनिक्स सुरक्षा परिषदेत या सगळ्या युक्त्यांची झडती घेणारा निबंध मांडला. डेड स्टोअर एलिमिनेशन अजूनही घातकच आहे, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. नामांकित प्रकल्पांमध्येही त्यांना पुसण्याच्या तऱ्हा विस्कळीत आणि सदोष आढळल्या.

कंपायलरचे पर्याय बदलून हा प्रश्न सोडवण्याचा मोह टाळावा. सगळे ऑप्टिमायझेशन बंद केले तर प्रोग्राम मंदावतो, आणि ते बंदच राहील याची शाश्वती कोण देणार? पॅकेज बनवणारा वितरक आपले पर्याय लावतोच. डेड स्टोअरची एक पायरी बंद केली, तरी तेच काम करणाऱ्या दुसऱ्या पायऱ्या उरतात. कोडची सुरक्षितता त्या कोडमध्येच लिहिलेली असावी, मेकफाइलच्या कोपऱ्यात नसावी.

फंक्शन योग्य निवडूनही पुसणे फसू शकते, आणि त्यात कंपायलरचा हात नसतो. पॉइंटर दिलेल्या ठिकाणी ‘साइझऑफ’ लावले, तर ६४ बिटच्या मशीनवर फक्त आठ बाइट पुसले जातात आणि किल्लीचे उरलेले बाइट तसेच राहतात. मेमसेटच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आर्ग्युमेंटची अदलाबदल झाली, तर लांबी शून्य होते आणि काहीच पुसले जात नाही. एक्सप्लिसिट बीझिरोला मूल्याचे आर्ग्युमेंटच नसल्याने ही चूक तिथे होत नाही. तिसरा प्रकार चुकीच्या वाटेवरचा: हॅश काढताना एरर आली, फंक्शन मधूनच परतले आणि पुसण्याची ओळ खाली राहून गेली. सीमध्ये सगळ्या वाटा एकाच ‘क्लीनअप’ लेबलापाशी आणाव्यात. सी++ मध्ये डिस्ट्रक्टरवर हे काम सोपवावे. मात्र डिस्ट्रक्टरमध्ये साधे मेमसेट लिहिले, तर वस्तूचे आयुष्य तिथेच संपत असल्याने कंपायलरला ते गाळायला आणखी सोपे कारण मिळते. तिथेही खास फंक्शनच हवे.

इथवर प्रश्न एका बफरचा होता. गुपिताच्या प्रती किती होतात हे पाहायला ओपनएसएसएचचे २०१६ चे प्रकरण उत्तम आहे.

ओपनएसएसएचच्या क्लायंटमध्ये ५.४ आवृत्तीपासून ‘रोमिंग’ नावाची सोय होती. जोडणी तुटली तर ती पुन्हा जुळवून उरलेला मजकूर परत पाठवायचा, अशी ती कल्पना. सर्व्हरच्या बाजूने ओपनएसएसएचने ती कधी दिलीच नाही, दस्तऐवजातही तिचा उल्लेख नव्हता, पण क्लायंटमध्ये ती मुकाट चालू होती. जानेवारी २०१६ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने दाखवले, की दुष्ट सर्व्हर या सोयीचा आधार घेऊन क्लायंटच्या मेमरीतला मजकूर मागवू शकतो. दोषाला सीव्हीई-२०१६-०७७७ हा क्रमांक मिळाला आणि ७.१पी२ ही दुरुस्त आवृत्ती लगोलग आली.

आता ओपनएसएसएच म्हणजे ओपनबीएसडीच्याच घरचे. पुसण्याबद्दल इतकी दक्ष मंडळी जगात थोडी. खासगी किल्ली वाचून झाल्यावर बफर पुसायचा, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तरी किल्लीचे तुकडे मेमरीत राहिलेच. क्वालिसच्या निवेदनात त्याची कारणे एकामागून एक दिली होती. साधे मेमसेट किंवा बीझिरो कंपायलर उडवू शकतो, हे पहिले. बफर वाढवताना ‘रीअलॉक’ने मजकूर नव्या जागी नेला आणि जुनी जागा न पुसता मोकळी केली, हे दुसरे. तिसरे सर्वांत बोचरे होते: फाइल वाचताना सीची मानक लायब्ररी स्वतःचा एक अंतर्गत बफर ठेवते. किल्ली त्यातून जाते, फाइल बंद झाली की बफर मोकळा होतो, पण पुसला जात नाही. तो बफर प्रोग्रामरने मागितला नव्हता. सोर्समध्ये तो दिसतही नाही. पुढे रोमिंगसाठी मेमरी मागितली गेली, तेव्हा योगायोगाने तोच तुकडा हाती येऊ शकत होता आणि सर्व्हरकडे रवाना होऊ शकत होता.

यातून निघणारी कामे ठोस आहेत. गुपित असलेली फाइल एफओपनने उघडू नये. थेट ‘ओपन’ आणि ‘रीड’ वापरून आपल्या बफरमध्ये वाचावी, किंवा अंतर्गत बफर बंद करावा. किल्लीचा बफर वाढवायची वेळ आणू नये. कमाल लांबी आधीच राखावी. वाढवावाच लागला तर नवी जागा घ्यावी, मजकूर हलवावा, जुनी जागा पुसावी आणि मग मोकळी करावी. ओपनबीएसडीमध्ये यासाठी ‘रीकॅलॉकअ‍ॅरे’ आणि ‘फ्रीझिरो’ ही तयार फंक्शने आहेत. सी++ मधली साधी स्ट्रिंग तर पासवर्डसाठी वापरूच नये. ती केव्हा हलेल आणि मागे काय सोडेल, यावर लिहिणाऱ्याचा ताबा नसतो. हार्टब्लीडच्या वेळीही असेच काहीसे घडले होते. क्लाउडफ्लेअरने मुद्दाम मांडलेल्या सर्व्हरमधून लोकांनी काही तासांत खासगी किल्ली काढून दाखवली. नंतरच्या तपासात दिसले, की आरएसएच्या आकडेमोडीतील तात्पुरत्या संख्या न पुसता मागे राहत होत्या आणि त्यातच मूळ संख्येचे तुकडे होते.

त्याही पलीकडे प्रोसेसरची रजिस्टरे आहेत. पासवर्डपासून किल्ली बनवणाऱ्या एसक्रिप्ट पद्धतीचे जनक कॉलिन पर्सिव्हल यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन लेख लिहिले. पहिल्यात बफर कसा पुसावा हे सांगितले, दुसऱ्यात बफर पुसणे पुरेसे का नाही हे सांगितले. कंपायलर किल्लीचा भाग रजिस्टरात घेतो आणि रजिस्टर कमी पडले की स्टॅकवर तात्पुरता उतरवतो. त्या उतरवलेल्या जागेला सीमध्ये नावच नाही, मग पुसणार कसे? ग्लिबसीची माहितीपुस्तिकाही हे प्रांजळपणे मांडते: एखादी किल्ली फक्त रजिस्टरात राहिली असती, तर पुसण्याच्या फंक्शनला तिचा पत्ता दिल्यामुळेच ती मेमरीत उतरते, आणि मग मेमरीतली प्रत पुसली जाते पण रजिस्टरातली राहते. यावर पूर्ण उपाय नाही, अर्धा आहे. जीसीसी ११ पासून फंक्शन परत येताना वापरलेली रजिस्टरे शून्य करण्याचा पर्याय आहे. जीसीसी १४ मध्ये स्टॅक घासून काढणारे ‘स्ट्रब’ हे अ‍ॅट्रिब्यूट आले. किल्ली हाताळणाऱ्या मोजक्या फंक्शनांना ही लावावीत. सगळ्या प्रोग्रामला लावली तर वेगाची किंमत मोजावी लागते.

एवढे करून मेमरी पुसली गेली की नाही, हे सोर्स वाचून कळत नाही. मशीन कोड पाहावा लागतो. यात धास्तावण्यासारखे काही नाही. कंपायलरला असेंब्ली फाइल बनवायला सांगावे किंवा तयार प्रोग्रामवर ‘ऑब्जडंप’ चालवावे, आणि त्या फंक्शनच्या शेवटी पुसण्याची हाक शोधावी. हाक सापडली नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. लहान बफरसाठी कंपायलर हाक न मारता जागच्या जागी शून्ये लिहितो आणि तेही चालते. मॅट गॉडबोल्ट यांच्या ‘कंपायलर एक्सप्लोरर’वर दहा ओळींचा नमुना चिकटवून वेगवेगळ्या कंपायलरांत आणि पातळ्यांत काय होते, ते बघता येते. ज्याने हे कधी केले नसेल, त्याने साधे मेमसेट आणि खास फंक्शन असे दोन नमुने शेजारी ठेवून बघावेत. वाचून जे पटत नाही ते तिथे अर्ध्या मिनिटात पटते.

मात्र तपासायचे ते खरोखर वितरित होणारे बिल्ड. डीबगचे बिल्ड इथे काहीच सिद्ध करत नाही, आणि डिबगरमधून पासवर्ड पुसला गेल्याचे पाहून निर्धास्त होणारे बहुतेक जण डीबगचेच बिल्ड पाहत असतात.

चाचणी लिहायची तर ग्लिबसीचा आदर्श घ्यावा. एक्सप्लिसिट बीझिरोसाठी त्यांनी लिहिलेल्या चाचणीत एक ठरावीक बाइटमाला वेगळ्या स्टॅकवर ठेवली जाते, फंक्शन परतल्यावर तो स्टॅक चाळला जातो आणि माला सापडते का ते पाहिले जाते. त्यातली खरी हुशारी नियंत्रण-चाचणीत आहे. न पुसता तीच कृती केली, तर माला सापडलीच पाहिजे. ती सापडली नाही, तर चाचणीची शोधण्याची पद्धतच आंधळी आहे. हा भाग गाळून लिहिलेली चाचणी कायम पास होते. मोठ्या प्रोग्रामसाठी थोडा धसमुसळा पण उपयोगी मार्ग आहे: चाचणीचा पासवर्ड म्हणून सहज ओळखू येणारी अक्षरमाला द्यावी, लॉगिन पूर्ण झाल्यावर ‘जीकोअर’ने चालत्या प्रक्रियेच्या मेमरीची प्रत काढावी आणि तिच्यात ती अक्षरमाला शोधावी. एक प्रत सापडेल या अपेक्षेने बसलेल्याला पाच सापडण्याची तयारी ठेवावी लागते. सोर्स चाळणारी साधनेही मदत करतात. पीव्हीएस-स्टुडिओचा व्ही-५९७ हा इशारा नेमका याच मेमसेटसाठी आहे.

सी-सी++ च्या बाहेरच्यांनाही सुटका नाही, फक्त त्रासाची जागा बदलते. जावात स्ट्रिंग बदलता येत नाही, म्हणून पुसताही येत नाही. स्विंगच्या पासवर्ड-चौकटीत मजकूर स्ट्रिंग म्हणून देणारे फंक्शन जावा १.२ पासूनच कालबाह्य ठरवले गेले आणि कॅरेक्टरांचा अ‍ॅरे देणारे आले ते त्यासाठीच. तरीही कचरा गोळा करणारी यंत्रणा अ‍ॅरे हलवू शकते आणि जुन्या जागी प्रत उरू शकते. पायथनमध्ये हीच कथा आहे. डॉटनेटमध्ये ‘क्रिप्टोग्राफिक ऑपरेशन्स’ या वर्गातले ‘झिरो मेमरी’ वापरावे. रस्टमध्ये ‘झिरोआइज’ हे क्रेट व्होलाटाइल लिखाण आणि कंपायलरचा अडसर असे दोन्ही वापरते. रस्टमध्ये मूल्य एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना बाइटांची प्रत होऊ शकते, हे मात्र तिथेही ध्यानात ठेवावे. किल्ली हीपवर ठेवून फक्त तिचा पत्ता फिरवणे बरे.

प्रक्रियेबाहेरच्या वाटा चटकन पाहू. गुपिताचे पान डिस्कवरच्या स्वॅपमध्ये गेले, तर नंतर मेमरी कितीही पुसली तरी डिस्कवरची प्रत राहते. लिनक्सवर ‘एमलॉक’ आणि विंडोजवर ‘व्हर्च्युअल लॉक’ त्यासाठीच आहेत. पण लॅपटॉप हायबरनेट झाला की सगळी मेमरी डिस्कवर जाते आणि तिथे हे कुलूप चालत नाही. प्रोग्राम कोसळल्यावर निघणारा कोअर डंप त्या सेवेपुरता बंद करावा, किंवा ‘एमअ‍ॅडव्हाइज’ने गुपिताची पाने त्यातून वगळावीत. वीज घालवली की मेमरी कोरी होते, या समजुतीला २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी धक्का दिला होता. हवा फवारण्याचा डबा उलटा धरून त्यांनी मेमरीच्या चिप उणे ५० अंशांपर्यंत गार केल्या, तेव्हा दहा मिनिटे वीज नसतानाही बहुतेक वेळा एक टक्क्याहून कमी बिट बिघडले.

हातात जुना, मोठा कोड असेल, तर सगळे एकदम करायला जाऊ नये. आधी प्रकल्पातली मेमसेट आणि बीझिरो यांची यादी काढावी आणि ज्यांच्या पाठोपाठ ‘फ्री’ किंवा ‘रिटर्न’ येते तेवढी वेगळी करावीत. त्यांतली किल्ल्या आणि पासवर्ड हाताळणारी ठिकाणे सहसा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतात. ती प्रकल्पाच्या एकमेव पुसण्याच्या फंक्शनवर आणावीत. मग फाइल वाचणारी आणि बफर वाढवणारी ठिकाणे बघावीत. असेंब्लीची तपासणी आणि नियंत्रण-चाचणी बिल्डच्या साखळीत बसवावी. कंपायलरची आवृत्ती बदलली, एलटीओ चालू केले किंवा प्रोग्राम नव्या प्रोसेसरवर नेला, की ती तपासणी पुन्हा चालली पाहिजे. नव्या कोडसाठी तपासनीसाला एकच प्रश्न नेमून द्यावा: या गुपिताच्या एकूण प्रती किती, आणि प्रत्येक प्रत कोणत्या ओळीवर पुसली जाते? कोड लिहिणाऱ्याला याचे उत्तर देता आले नाही, तर तो बदल तोवर मुख्य शाखेत घेऊ नये.